खुकुरीची पारख : पाते, पाणी आणि मूठ

नेपाळच्या पहाडी मुलखातील शेतकरी घरात खुकुरी हे रोजच्या वापराचे अवजार आहे. सरपण तोडणे, गुरांसाठी झाडाचा पाला छाटणे, बांबू चिरणे, वाटेतली झुडपे साफ करणे, बोकडाचे मांस तोडणे आणि प्रसंगी भाजी चिरणे अशी एकमेकांहून अगदी वेगळी कामे पुढे झुकलेल्या या एकाच पात्याने केली जातात. नेपाळबाहेर मात्र तिची ओळख गुरखा सैनिकाचे शस्त्र अशी रूढ झाली असून काठमांडूच्या ठमेल भागातील दुकानांत, दार्जिलिंगच्या बाजारात किंवा डेहराडूनमध्ये ती विकली जाते तेव्हा याच ओळखीचा आधार घेतला जातो. त्यामुळे घेणारा बहुधा म्यानावरची चांदी, मुठीवरचे कोरीवकाम आणि पात्याची चकाकी पाहून पसंती ठरवतो, आणि ज्या गोष्टींवर खुकुरीचा दर्जा खरोखर अवलंबून असतो त्यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. हाताने घडवलेली, लाकडी मुठीची खुकुरी घ्यायची असेल तर तिच्याकडे अवजार म्हणून पाहणेच अधिक उपयोगाचे ठरते; कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही तिच्या घडणीतून येतात, आणि ती घडण समजली की पारख करणे फारसे अवघड राहत नाही.

शस्त्राआधी अवजार

काठमांडूतील छाउनी येथील राष्ट्रीय संग्रहालयात एक जुनी खुकुरी आहे. 1559 मध्ये गोरखा राज्याची स्थापना करणाऱ्या द्रव्य शाहाची ती असल्याचे सांगितले जाते, आणि राजघराण्याशी जोडलेल्या अशा वस्तूंमुळे खुकुरीभोवती वीरश्रीचे वलय निर्माण होणे स्वाभाविकच होते. तथापि बाहेरच्या माणसाने केलेल्या आरंभीच्या वर्णनांतही तिचे अवजारपण ठळकपणे नोंदलेले आढळते. विल्यम कर्कपॅट्रिक हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी 1793 मध्ये नेपाळला गेला होता, आणि 1811 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात प्रत्येक नेपाळी माणसाच्या कमरेला असणाऱ्या या सुरीचा उपयोग प्रामुख्याने लहान झाडे आणि फांद्या तोडण्यासाठी होतो, असे त्याने लिहून ठेवले. त्यानंतर 1814 ते 1816 या काळात इंग्रज व नेपाळ यांच्यात युद्ध झाले, युद्ध चालू असतानाच 1815 पासून कंपनीने गोरखा शिपायांच्या पलटणी उभारण्यास सुरुवात केली, आणि पुढे दोन महायुद्धांत या पलटणींनी गाजवलेल्या पराक्रमामुळे खुकुरीची सैनिकी प्रतिमा जगभर पसरली. आजही भारतीय लष्करात गोरखा रायफल्सच्या सात रेजिमेंट असून खुकुरी हे त्यांचे मानचिन्ह आहे.

या प्रतिमेबरोबर काही दंतकथाही पसरल्या. एकदा म्यानातून काढलेली खुकुरी रक्त लागल्याशिवाय परत ठेवत नाहीत, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा. पण दिवसातून अनेकदा लाकूड व चारा तोडणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत ती खरी असणे शक्यच नाही. नेपाळमध्ये दसैं या मोठ्या सणात, विशेषतः नवमीच्या दिवशी, बळी देण्यासाठी खुकुरी वापरली जाते आणि शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते. महाराष्ट्रात त्याच दिवशी, खंडेनवमीला, कारागीर आपली हत्यारे पुजतात, त्यामुळे मराठी वाचकाला या प्रथेमागची भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

खुकुरी ही नेपाळी पात्यांच्या मोठ्या कुटुंबातील एक आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. गवत आणि पीक कापण्यासाठी हँसिया म्हणजे विळा असतो, आणि स्वयंपाकघरात चुलेसी असते. लाकडी पाटावर उभे बसवलेले तिचे पाते, पायाने पाट दाबून धरून दोन्ही हातांनी भाजी त्यावर चिरण्याची रीत, हे सारे मराठी घरातील विळीशी जुळणारे आहे. ज्याला घरात फक्त भाजी चिरण्यासाठी काही हवे आहे त्याला खुकुरीची गरज नाही. ज्याला बाग, शेत, रान किंवा गिर्यारोहणाच्या तळावर लाकूडतोडीसह अनेक कामे एका अवजाराने करायची आहेत, त्याच्यासाठीच ती योग्य आहे.

आकार आणि अवयव

कुऱ्हाडीचा घाव आणि सुरीची चीर या दोन्ही क्रिया एकाच पात्यात आणण्याचा प्रयत्न खुकुरीच्या आकारात दिसतो. मुठीपासून काही अंतर सरळ गेलेले पाते मधेच खाली वळते आणि वळणानंतर रुंद होते, त्यामुळे वजन टोकाकडे सरकते व घाव घालताना हाताच्या ताकदीला पात्याच्या वजनाची जोड मिळते. त्याच वेळी धार पुढच्या वस्तूला सरळ न भिडता तिरकी भिडते, म्हणून घावाबरोबर ती थोडी ओढलीही जाते आणि चिरते. पाठीकडची कड मुठीजवळ बहुधा सहा ते दहा मिलिमीटर जाड असते व टोकाकडे निमुळती होत जाते. ही जाडी पात्याला बळ देते, पण ती अवाजवी असेल तर अवजार जड होऊन हात लवकर थकतो. नेहमीच्या वापराची खुकुरी मुठीसह साधारणपणे पंधरा ते अठरा इंच लांब असते.

तिच्या अवयवांना नेपाळीत स्वतंत्र नावे आहेत आणि दुकानदाराशी बोलताना ती उपयोगी पडतात. मुठीला बिँड म्हणतात, लाकडाच्या दोन फळ्यांवर चामडे चढवून केलेल्या म्यानाला दाप, तर धारेच्या मुळाशी असलेल्या छोट्या खाचेला काउडी. काउडीचा अर्थ गाईचे खूर, शंकराचा त्रिशूळ, रक्त किंवा चीक मुठीपर्यंत ओघळू न देण्याची युक्ती, धार लावताना दगड कोठे थांबवायचा याची खूण अशा अनेक प्रकारे लावला जातो, आणि यांपैकी कोणत्याही एका अर्थावर सर्वांचे एकमत नाही. म्यानाच्या मागच्या बाजूला दोन लहान पाती खोवलेली असतात. त्यांतील कर्द ही धारदार छोटी सुरी किरकोळ कामांसाठी असते, तर चकमक हे बोथट पाते खुकुरीची दुमडलेली धार सरळ करण्यासाठी आणि गारगोटीवर मारून ठिणगी पाडण्यासाठी वापरले जाते.

प्रकारांची नावे बहुधा गावावरून किंवा आकारावरून पडलेली आहेत. पूर्व नेपाळमधील भोजपूर या डोंगराळ जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी भोजपुरे खुकुरी रुंद पोटाची आणि लाकूडतोडीस योग्य असते, तर सिरू नावाच्या गवताच्या पानासारखी सडपातळ असलेली सिरुपाते हलकी व चपळ असून झुडपे छाटण्यास बरी पडते. अङखोला प्रकारात पाठीलगतचा भाग आतून खोलगट घडवलेला असतो, त्यामुळे पाठ जाड ठेवूनही वजन कमी करता येते. चिर्रा प्रकारात पात्यावर एक ते तीन लांबट पन्हळी काढलेल्या असतात व त्यांचाही हेतू तोच असतो. चांदीने मढवलेल्या म्यानाची कोथीमोडा खुकुरी ही मानाच्या भेटीची वस्तू आहे आणि तिची किंमत प्रामुख्याने सोनाराच्या कामाची असते. कामासाठी पहिलीच खुकुरी घेणाऱ्याने मध्यम लांबीची साधी भोजपुरे किंवा अङखोला निवडावी, हा सर्वसाधारणपणे सुरक्षित सल्ला आहे.

आरन आणि कामी

खुकुरी जेथे घडते त्या भट्टीला नेपाळीत आरन म्हणतात आणि ती घडवणारा कारागीर कामी या लोहार जातीचा असतो. या जातीतील अनेक जण आज विश्वकर्मा हे आडनाव लावतात. 1854 च्या मुलुकी ऐन या कायदेसंहितेने नेपाळी समाजाची जी उतरंड पक्की केली तिच्यात कामींना, ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशा अस्पृश्य गटात टाकले गेले. म्यानाचे चामडे कमावणारे सार्कीही त्याच गटात होते. ज्या वस्तूला संपूर्ण देशाच्या अभिमानाचे चिन्ह मानले गेले, ती घडवणाऱ्या दोन्ही हातांना समाजात सर्वांत खालची जागा मिळाली होती. 1963 च्या नव्या मुलुकी ऐनाने जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि 2011 मध्ये अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला, तरी खेड्यांतील व्यवहारात हा भेद पूर्णपणे मिटलेला नाही.

या कारागिरांचे उत्पन्न दीर्घकाळ बालीघरे नावाच्या प्रथेवर अवलंबून होते. या प्रथेत कामीने ठरावीक शेतकरी कुटुंबांची अवजारे वर्षभर घडवून, शेवटून व धार लावून द्यायची, आणि पीक निघाल्यावर त्या कुटुंबांनी त्याला धान्याचा ठरलेला वाटा द्यायचा, असा करार पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. महाराष्ट्रातील बलुतेदारीत लोहाराचे स्थान जवळपास असेच होते. या व्यवस्थेत कारागिराचे शोषण होते, परंतु तिचा एक तांत्रिक परिणामही होता : अवजार वापरणारा आणि घडवणारा एकमेकांना ओळखत, मोडलेले पाते त्याच भट्टीवर परत येई, आणि कोणत्या चुकीमुळे ते मोडले हे कामीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. पर्यटकाला विकलेली खुकुरी परत येत नाही, त्यामुळे कारागिराला आपली चूक कळण्याचा हा जुना मार्ग बंद होतो, आणि बाजारात चांगली व निकृष्ट पाती शेजारी शेजारी मांडलेली दिसण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

भोजपूरबरोबरच सपाटीलगतचे धरान हे शहरही खुकुरीसाठी प्रसिद्ध झाले. तेथे दीर्घकाळ ब्रिटिश गुरखा भरतीची छावणी होती आणि सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या मागणीमुळे आसपासच्या कामींना रोख पैशाचे गिऱ्हाईक मिळाले. काठमांडूभोवतीच्या कारखान्यांतही पूर्वेकडून आलेले कामी काम करतात. मात्र आखाती देश आणि मलेशिया येथे मजुरीसाठी जाणाऱ्या तरुणांत या समाजातील मुलेही असल्यामुळे डोंगरातील अनेक भट्ट्यांवर पुढची पिढी उरलेली नाही.

लोखंड आणि पाणी

आज बहुतेक चांगल्या खुकुऱ्या ट्रकच्या किंवा जीपच्या कमानपाट्यापासून घडवल्या जातात. चाकावरील भार झेलणारी ही पट्टी पुन्हा पुन्हा वाकून सरळ होण्यासाठीच बनवलेली असल्याने तिच्यात सुमारे 0.6 टक्के कार्बन आणि थोडे क्रोमियम असलेले चिवट पोलाद असते. कार्बनच्या या प्रमाणामुळे पोलाद कठीण करता येते, आणि ते फार जास्त नसल्यामुळे घाव बसल्यावर पाते काचेसारखे फुटत नाही. महाराष्ट्रात रस्त्याकडेला पाल टाकून कोयते व कुऱ्हाडी घडवणारे घिसाडीही हाच पाटा वापरतात. जुना पाटा वापरला म्हणून माल हलका असे समजण्याचे कारण नाही. फक्त त्यात आधीच पडलेली सूक्ष्म भेग नसावी, आणि हे पारखण्याची जबाबदारी कारागिरावर असते.

कामी पाट्याचा तुकडा कोळशाच्या भट्टीत लाल करतो, एक-दोन साथीदार घणाने ठोकतात, आणि तो स्वतः चिमट्याने तुकडा फिरवत आकार काढतो. आकार, पन्हळी व काउडी तयार झाल्यावर जे काम येते ते सर्वांत निर्णायक असून मराठी लोहार ज्याला पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात तेच ते आहे. पोलाद सुमारे 800 अंश सेल्सियसच्या वर तापवले की त्याची आतली रचना बदलते, आणि ते एकदम थंड केले तर ती रचना पूर्ववत होण्यास वेळ न मिळाल्याने अतिशय कठीण अशा रूपात गोठते. संपूर्ण पाते पाण्यात बुडवले तर ते सर्वत्र कठीण आणि म्हणून ठिसूळ होईल. कामी तसे करत नाही. लाल झालेले पाते धार वर करून धरतो आणि किटलीच्या तोटीतून बारीक धारेने फक्त कडेवर, विशेषतः वळणापासून पोटापर्यंतच्या भागावर, पाणी ओततो. त्यामुळे धार कठीण होते, पाठ मऊ व चिवट राहते, आणि पाठीत उरलेली उष्णता पुन्हा धारेकडे येऊन तिचा नको इतका ठिसूळपणा काढून टाकते.

या कामात तापमापक नसतो. लोखंडाचा रंग, पाण्याचा आवाज आणि वाफ यांवरून कारागीर अंदाज घेतो, म्हणून एकाच भट्टीवरच्या दोन खुकुऱ्या तंतोतंत सारख्या होत नाहीत. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल नावाच्या मापनपद्धतीत चांगल्या खुकुरीची धार साधारण 54 ते 58 या पट्ट्यात असावी अशी अपेक्षा असते, आणि मुठीलगतचा भाग व टोक त्याहून मऊ असणे हा दोष नसून हेतुपूर्वक केलेली रचना असते. मुठीजवळचा भाग कठीण असेल तर जोराच्या घावात पाते तेथेच मोडण्याचा धोका असतो. म्हणूनच एखादा विक्रेता संपूर्ण पात्यासाठी एकच आकडा सांगत असेल, तर तो आकडा पात्याच्या कोणत्या भागाचा आहे हे त्याला विचारावे.

लाकडी मूठ

पात्याइतकेच महत्त्व मुठीला असूनही ती सर्वांत कमी तपासली जाते. पारंपरिक मुठीच्या मध्यावर एक उंच कडे असते आणि शेवट पसरट असतो. कडे मधल्या बोटांमध्ये बसते व पसरट टोक घाव घालताना मूठ हातातून निसटू देत नाही. लाकूड बहुधा सिसौ म्हणजे शिसू, सतीसाल म्हणजे आपला शिसव, किंवा ओखर म्हणजे अक्रोड यांपैकी असते. यांतील शिसव कोकणात आणि सह्याद्रीतही वाढतो व जुन्या वाड्यांतील शिसवी फर्निचरमुळे त्याचा काळपट तपकिरी रंग व वजन अनेकांना परिचित असते. हे लाकूड घट्ट, तेलकट आणि ओलाव्याला टिकणारे असल्याने मुठीस उत्तम ठरते. शिसू आणि शिसव हे ज्या डाल्बर्जिया वंशात येतात त्यातील जवळपास सर्व जाती 2017 पासून साइट्स या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहेत. 2019 मध्ये मात्र दहा किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंना सूट मिळाल्याने एखाददुसऱ्या खुकुरीची ने-आण या कारणाने अडत नाही.

मूठ बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पात्याचे निमुळते शेपूट मुठीच्या आरपार जाते व शेवटी धातूच्या टिकलीवर ठोकून पसरवले जाते, आणि भोकातील पोकळी लाहा नावाच्या, तापवून ओतलेल्या नैसर्गिक चिकट राळेने भरली जाते. दुसऱ्या, पनावल किंवा चिरुवा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मुठीच्या रुंदीइतकीच पोलादी पट्टी मागेपर्यंत येते व तिच्या दोन बाजूंना लाकडाच्या फळ्या खिळवलेल्या असतात. पहिली हलकी असते व घावाचा हादरा कमी पोचवते, पण लाहा कोरडी पडून भुगा झाली की मूठ हलू लागते. दुसरी जड असली तरी लाकूड फुटल्यास कोणत्याही सुताराला नव्या फळ्या बसवता येतात. पहिल्या पद्धतीची मूठ सैल झाली म्हणजे खुकुरी वाया गेली असे नाही, कारण मूठ बदलणे हे नेपाळमध्ये नेहमीचे दुरुस्तीकाम आहे.

विकत घेताना

प्रथम पाठीच्या कडेवरून मुठीकडून टोकाकडे नजर टाकावी. पाते मुरगळलेले किंवा एका बाजूला वळलेले असेल तर ते लगेच दिसते. नंतर उजेडात धारेची संपूर्ण रेषा तपासावी. पाणी देताना पडलेली भेग केसासारखी बारीक आणि धारेला आडवी असते, व ती असेल तर पाते कितीही सुंदर असले तरी नाकारावे, कारण अशी भेग वापरासोबत वाढतच जाते. काउडीच्या कोपऱ्यांतही अशा भेगा शोधाव्यात. पात्यावर हातोड्याच्या किंचित खुणा, पन्हळींमधला थोडा असमतोल किंवा पाठीच्या जाडीतला सौम्य फरक हे हाताने केलेल्या कामाचे स्वाभाविक परिणाम आहेत आणि त्यांमुळे कामात फरक पडत नाही.

विक्रेत्याची परवानगी घेऊन बारीक कानस धारेवर तीन ठिकाणी, म्हणजे मुठीजवळ, पोटावर आणि टोकाकडे, हलकेच फिरवून पाहावी. पोटावर कानस घसरली आणि मुठीजवळ तिने धातू पकडला, तर पाणी योग्य जागी दिलेले आहे. सर्वत्र कानस सहज चावत असेल तर ती खुकुरी बहुधा शोभेची आहे. आरशासारखी चकाकी हा गुण मानू नये. विजेच्या चाकावर फार वेळ घासून आणलेल्या चकाकीत धार तापून तिचा कठीणपणा गेलेला असू शकतो, आणि धारेजवळ निळसर छटा दिसली तर तो संशय पक्का होतो. पर्यटकांसाठी केलेल्या पातळ, गंज न लागणाऱ्या पोलादाच्या खुकुऱ्या भिंतीवर शोभतात, पण त्या लाकूडतोडीसाठी नसतात.

मूठ तपासताना पात्याकडील धातूचे कडे आणि लाकूड यांच्यात फट आहे का, लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला समांतर धावतात का, आणि एका हातात पाते धरून दुसऱ्या हाताने मूठ पिळली असता किंचितही हालचाल जाणवते का, हे पाहावे. रेषा आडव्या असतील तर मूठ घावाच्या धक्क्याने त्याच रेषेवर चिरते. मूठ स्वतःच्या हाताच्या मापाची आहे की नाही हा प्रश्न कोणत्याही सजावटीपेक्षा महत्त्वाचा आहे. नेपाळी वापरासाठी केलेल्या मुठी बऱ्याचदा लहान असतात आणि मोठ्या पंजाच्या माणसाला मधले कडे टोचते. म्यानातून पाते काढताना बोटे धारेच्या बाजूला कधीही गुंडाळू नयेत, कारण पाते लाकडाच्या जोडातून व चामड्यातून बाहेर येऊन बोटे कापली जाण्याचे अपघात होतात. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरावे.

कायदा आणि निगा

महाराष्ट्रातील खरेदीदाराने कायद्याची बाजू आधी समजून घेणे शहाणपणाचे आहे. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांच्या धारदार शस्त्रांच्या वर्गात खुकुरीचा नावाने उल्लेख आहे, आणि त्यातून घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत. अशा शस्त्रांसाठी परवाना लागतो की नाही हे त्या भागासाठी सरकारने कायद्याच्या कलम 4 खाली अधिसूचना काढली आहे का यावर अवलंबून असते. याखेरीज महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी निघणाऱ्या बंदी आदेशांच्या काळात धारदार वस्तू बाळगून सार्वजनिक ठिकाणी फिरणे गुन्हा ठरते. म्हणून खरेदीपूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी, पावती जपून ठेवावी आणि खुकुरी शेतात किंवा घरी, बांधलेल्या स्थितीतच न्यावी. विमानप्रवासात ती हातातल्या सामानात चालत नाही.

कमानपाट्याचे पोलाद गंजते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ते फार लवकर गंजते. वापरानंतर पाते पुसून कोरडे करावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. नेपाळमध्ये तोरीचे म्हणजे मोहरीचे तेल लावतात, परंतु महिनोन्‌महिने न वापरता ठेवलेल्या पात्यावर ते चिकट थर धरते. चामडे ओलावा धरून ठेवते, त्यामुळे दीर्घकाळ ठेवायची असेल तर खुकुरी म्यानाबाहेर, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवावी. मुठीला वर्षातून एकदोनदा जवसाचे तेल चोळल्यास लाकूड उन्हाळ्यात आकसून तडकण्याचे प्रमाण कमी होते. धार लावताना दगडावर पाण्यासह किंवा तेलासह हळूहळू घासावे व फुगीर धारेचा मूळ आकार जपावा. शिकलगाराच्या कोरड्या विजेच्या चाकावर दिल्यास कामीने दिलेले पाणी काही क्षणांत उतरू शकते. काम करताना दुमडलेली धार चकमकीने सरळ करून घेतली तर दगडाची गरज पुष्कळ कमी पडते.

किंमत कशाची

दोन खुकुऱ्यांच्या किमतीत मोठा फरक दिसतो तेव्हा तो पोलादामुळे पडलेला असण्याची शक्यता कमी असते, कारण पाट्याचा तुकडा दोन्हीकडे जवळपास सारखाच लागतो. फरक पडतो तो घडवण्याच्या वेळात, पाणी देणाऱ्याच्या अनुभवात, मूठ नीट बसवण्याच्या कष्टांत आणि मधल्या विक्रेत्याच्या वाट्यात. चांदी, पितळ व कोरीवकाम यांवर खर्च केलेला पैसा सोनाराला आणि दुकानाला जातो. साध्या मुठीच्या, नीट पाणी दिलेल्या पात्यावर खर्च केलेल्या पैशाचा मोठा भाग भट्टीपर्यंत पोचण्याची शक्यता अधिक असते. म्हणून घेणाऱ्याने विक्रेत्याला पाते कोणत्या गावी घडले, कोणी घडवले आणि सैल झालेली मूठ किंवा तडकलेले पाते तो परत घेतो का, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. ज्या विक्रेत्याचा आरनशी थेट संबंध आहे तो त्यांची उत्तरे सहज देऊ शकतो, आणि परत आलेले पाते त्याच कामीच्या हाती पुन्हा पडले तर बालीघरेच्या काळात कारागिराला मिळणारे शिक्षण, त्या प्रथेतील अन्याय वगळून, नव्या व्यवहारातही चालू राहू शकते.